माउना लोआवरची मोजदाद

हवाई बेटावरच्या माउना लोआ वेधशाळेत हवेचा नमुना काचेच्या फ्लास्कमध्ये घेतात, तेव्हा नमुना घेणारा आधी वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. श्वास रोखून धरतो, निर्वात फ्लास्कची तोटी उघडतो, हवा आत शिरली की तोटी बंद करतो आणि बाजूला होऊन मगच श्वास सोडतो. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे चार टक्के असतो, म्हणजे हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे चाळीस हजार. बाहेरच्या हवेत तो आज चारशेच्या थोडा वर आहे. इथे शोधायचा असतो दहा लाखांत एखाद्या रेणूचा फरक, त्यामुळे एका फुंकरीनेही नमुना वाया जातो.

दहा लाखांमागे किती, या मापाला पीपीएम म्हणतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे पीपीएममधले आकडे इतके विस्कळीत होते, की हा वायू जागोजागी बदलतो, त्याचा एक असा आकडाच नाही, असा समज होता. चार्ल्स डेव्हिड कीलिंग या तरुण रसायनशास्त्रज्ञाने स्वतः उपकरण जुळवून १९५५ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आणि इतरत्र, रात्री-अपरात्री उठून, दर काही तासांनी नमुने घेतले. रात्री आकडे चढायचे, कारण झाडं आणि माती सोडत असलेला वायू जमिनीलगतच साचून राहायचा. पण दुपारी हवा नीट घुसळली गेली की बहुतेक सगळीकडे आकडा ३१० च्या आसपास यायचा. म्हणजे पार्श्वभूमीचा एक आकडा होता. तो बघायचा तर शहरं, जंगलं, कारखाने यांच्यापासून दूर जायला हवं होतं.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाने, म्हणजे अनेक देशांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास करण्याच्या मोहिमेने, ती संधी दिली. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक रॉजर रेव्हेल यांचा विचार असा होता, की जगभरातून एकदा नमुने घ्यावेत आणि वीसेक वर्षांनी पुन्हा तेच करून फरक पाहावा. त्याच संस्थेत आलेल्या कीलिंग यांना मात्र अखंड नोंद हवी होती. अमेरिकी हवामान खात्यातले हॅरी वेक्सलर यांचा पाठिंबा मिळाला आणि पॅसिफिक महासागराच्या मध्यावर, ३,३९७ मीटर उंचीवरच्या वेधशाळेत अवरक्त किरणांवर चालणारं विश्लेषक यंत्र बसलं. कार्बन डायऑक्साइड ठरावीक अवरक्त किरण शोषतो. हवेतून जाताना ते किती शोषले गेले यावरून त्याचं प्रमाण कळतं.

मार्च १९५८ मध्ये पहिली नोंद झाली : ३१३ पीपीएम. पुढच्या दोन महिन्यांत आकडा चढला. मग वीज गेली, यंत्र बंद पडलं, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा आकडा उतरलेला होता. आपली मापंच बेभरवशाची निघतात की काय, या काळजीत कीलिंग पडले. पुढच्या वर्षी तोच चढउतार त्याच महिन्यांत पुन्हा दिसला, तेव्हा उलगडा झाला. जमीन आणि वनस्पती जास्त करून उत्तर गोलार्धात आहेत. तिथे पालवी फुटली की झाडं हवेतला कार्बन ओढून घेतात, पानं गळून कुजली की तो परत सुटतो. म्हणून दर वर्षी मे महिन्यात शिखर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळ. फरक जेमतेम सहा पीपीएमचा, पण एका गोलार्धाची सारी जंगलं आणि गवताळ रानं त्यात उतरलेली आहेत.

आणि या चढउताराखाली आणखी एक गोष्ट होती. प्रत्येक मे महिना मागच्या मे महिन्यापेक्षा थोडा वर. १९५९ ची वार्षिक सरासरी ३१६ पीपीएमच्या जवळपास होती, २०२४ ची ४२४ च्या वर गेली. ध्रुवीय बर्फात खोलवर छिद्र पाडून काढलेल्या गाभ्यांत अडकलेल्या जुन्या हवेवरून कळतं, की औद्योगिक काळाआधी प्रमाण सुमारे २८० होतं आणि त्याआधीच्या आठ लाख वर्षांत ते साधारण १८० ते ३०० च्या दरम्यान फिरत होतं.

एक शंका हमखास येते : मोजणी ज्वालामुखीवरच? माउना लोआ तर जागता आहे आणि त्याच्या माथ्याजवळच्या भेगांमधून कार्बन डायऑक्साइड निघतो. शंका रास्त आहे आणि पहिल्या दिवसापासून तिचा विचार झालेला आहे. दिवसा उन्हाने उतार तापतात, वारा खालून चढतो आणि झाडीतून आलेली ती हवा आकडा थोडा खाली ओढते. रात्री उतार गार पडतात आणि वरच्या मोकळ्या वातावरणातली, महासागरावरून हजारो किलोमीटर आलेली हवा खाली उतरते. हवी असते ती हीच. एखाद्या रात्री भेगांमधला वायू जमिनीलगतच्या पातळ थरात अडकून खाली सरकतो, पण तेव्हा आकडे नुसते वाढत नाहीत, ते वेडेवाकडे उड्या मारतात. पार्श्वभूमीची हवा तास न् तास जवळपास स्थिर राहते. म्हणून सलग काही तास आकडा स्थिर असेल तरच तो सरासरीत धरला जातो.

यंत्राची परीक्षाही सतत चालू असते. प्रमाण आधीच ठाऊक असलेला संदर्भ वायू सिलिंडरमधून पुन्हा पुन्हा सोडून यंत्र बरोबर बोलतंय का, हे तपासतात. त्या सिलिंडरांचीही वरच्या दर्जाच्या मानकाशी तुलना होते. १९७४ पासून नोआ ही हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणारी अमेरिकी सरकारी संस्था त्याच जागी स्वतंत्र मोजणी करते. स्क्रिप्स आणि नोआ यांच्या मासिक सरासऱ्यांमधला फरक बहुधा दशांश पीपीएमच्या घरातच राहतो. मला या सगळ्यातली सर्वांत मोठी कामगिरी हीच वाटते. वाढ शोधणं अवघड होतंच, पण १९५८ चा आणि आजचा आकडा एकाच मापाने शेजारी ठेवता येणं त्याहून अवघड आहे. मधल्या काळात यंत्रं बदलली, माणसं बदलली. २००५ मध्ये कीलिंग गेले, आणि स्क्रिप्सचं काम त्यांचा मुलगा राल्फ याने पुढे चालवलं.

ही मालिका कधी तुटलीच नाही असं नाही. १९६४ च्या वसंतात निधी कापला गेल्याने मोजणी काही महिने बंद पडली आणि आलेखात ती फट आजही दिसते. १९८४ च्या उद्रेकाने वीज तोडली. नोव्हेंबर २०२२ मध्ये लाव्हाने रस्ता आणि वीजवाहिनी दोन्ही गिळले, तेव्हा यंत्रं शेजारच्या माउना केआ डोंगरावर नेऊन काम चालू ठेवलं गेलं. २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने मांडलेल्या अर्थसंकल्प प्रस्तावात नोआच्या संशोधन विभागालाच कात्री लावलेली होती. हे वाचून मला खरोखर संताप आला. लाव्हा निवला की रस्ता पुन्हा बांधता येतो. न मोजलेला महिना मात्र पुन्हा मोजता येत नाही.

आता वाढ होते आहे हे कळलंच आहे, मग मोजत कशाला राहायचं, असं काहींना वाटतं. २०२० चं उदाहरण घ्या. टाळेबंदीमुळे जगाचं जीवाश्म इंधनांपासूनचं उत्सर्जन पाचेक टक्क्यांनी घटलं, तरी माउना लोआचा आकडा चढतच राहिला. हवेत दर वर्षी साधारण अडीच पीपीएमची भर पडते. तिच्यातली पाच टक्के घट म्हणजे दशांश पीपीएमच्या आसपास, आणि एल निन्योसारख्या (पॅसिफिकचं पाणी काही वर्षांनी नेहमीपेक्षा तापतं, त्या) कारणांनी वर्षावर्षातला फरक एक पीपीएमपर्यंत जातो. तेवढ्या गोंधळातून इतका छोटा बदल वेगळा काढायला वर्षानुवर्षांच्या सलग नोंदी लागतात.

याहून महत्त्वाचा प्रश्न दुसरा आहे. आपण सोडतो त्यातला निम्म्याच्या आसपास कार्बन डायऑक्साइड समुद्र आणि जंगलं शोषून घेतात. हवेत उरतो तो बाकीचा. हा वाटा असाच राहील का, हे सांगणारी नोंद माउना लोआ, दक्षिण ध्रुव, टास्मानियातलं केप ग्रिम अशा ठाण्यांमधूनच येते. २०२३ ते २०२४ या एका वर्षात जगाची सरासरी सुमारे साडेतीन पीपीएमने वाढली, आधुनिक मोजणी सुरू झाल्यापासूनची सर्वांत मोठी उडी. उत्सर्जन त्या मानाने फारसं वाढलेलं नव्हतं. एल निन्योच्या उष्ण, कोरड्या वर्षात जंगलांनी नेहमीपेक्षा कमी शोषलं आणि वणव्यांनी भर घातली, असं संशोधक मानतात. एल निन्यो ओसरल्यावर जंगलं पूर्वीइतकं शोषू लागतात की त्यांची क्षमताच कमी झाली आहे, हे पुढच्या काही वर्षांच्या नोंदींवरून ठरेल.