पार्श्वभूमी : उळ्याच्या डब्यातली चिठ्ठी आणि जनुकपेढीची वही

नाशिक जिल्ह्यात देवळ्याकडच्या आमच्या जुन्या घरात उळ्याचा, म्हणजे कांद्याच्या बियाण्याचा, पत्र्याचा डबा असायचा. त्यात वहीच्या कागदाची चिठ्ठी : ‘जिभाऊंचं उळं. उन्हाळ. फिक्कं. डेंगळे कमी. चाळीत दिवाळीपर्यंत.’ कुणाकडून आलं, कोणत्या हंगामाचं, रंग कसा, दोष काय (डेंगळे म्हणजे अवेळी येणारे फुलांचे दांडे), टिकतं किती, सगळं एका ओळीत. जनुकपेढीत, म्हणजे पिकांच्या वाणांचे नमुने जपून ठेवतात तिथे, ज्याला गुणनोंद म्हणतात ती याच जातीची. पण ‘फिक्कं’ म्हणजे किती फिक्कं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तीच चिठ्ठी दिल्लीच्या जनुकपेढीत गेली असती तर तिथे ते कुणाला कळलं नसतं. पिकांच्या जननद्रव्याची, म्हणजे अशा जपलेल्या बियाण्याची, नोंद ठेवण्याचा शंभर वर्षांचा खटाटोप या एका अडचणीभोवती फिरतो.

रशियाचे निकोलाय वाविलोव्ह यांची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. त्यांनी जगभरातून बियाणं जमवलं, दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला, सांभाळणारी माणसं उपाशी मेली पण बियाण्याला हात लावला नाही. स्वतः वाविलोव्ह 1943 मध्ये तुरुंगातच वारले. त्यांचं दुसरं काम मात्र फारसं सांगितलं जात नाही. 1920 च्या दशकात त्यांनी तेच ते नमुने देशातल्या वेगवेगळ्या हवामानांच्या ठिकाणी पेरायला लावले. एका ठिकाणी बुटकं दिसणारं रोप दुसरीकडे उंच होतं का, लवकर येणारं वाण उत्तरेला उशिरा येतं का, हे त्यांना बघायचं होतं. गुण बियाण्याचा किती आणि जागेचा किती, हा प्रश्न तिथून पुढे सुटला नाही.

आपल्याकडे या कामाची सुरुवात 1946 मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत, हरभजन सिंग यांच्या हाताखाली झाली. 1976 मध्ये त्यातून राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरो उभा राहिला. विदर्भात अकोल्यालाही त्याचं केंद्र आहे. देशातून गोळा केलेल्या नमुन्याला ‘आयसी’ क्रमांक, परदेशातून आलेल्याला ‘ईसी’.

नाशिक जिल्ह्यात मात्र गुण मोजणं त्याच्याही आधीपासून चालू होतं. निफाडचं गहू संशोधन केंद्र 1932 चं, आणि तिथला मुख्य शत्रू तांबेरा, गव्हाच्या पानांवर तांबूस पुटकुळ्या आणणारा रोग. तांबेऱ्याची नोंद हा गुण अंकात कसा उतरतो याचा चांगला धडा आहे. पानाचा किती टक्के भाग पुटकुळ्यांनी भरला तो आकडा, आणि पुढे प्रतिक्रियेचं अक्षर. ‘40 एस’ म्हणजे चाळीस टक्के पान गेलं आणि वाण बळी पडणारं. ‘5 आर’ म्हणजे पाचच टक्के, तेही प्रतिकार करत. त्र्यंबक आणि तपोवन ही गव्हाची वाणं याच केंद्रातली. नावं बघून जिल्हा सांगायची गरज नाही.

1974 मध्ये रोमला आंतरराष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन मंडळ सुरू झालं आणि त्यांनी एकेका पिकाची ‘डिस्क्रिप्टर’ यादी काढायला घेतली. नमुना कुठून आला तो पासपोर्ट. कुठेही लावलं तरी सहसा न बदलणारे, डोळ्यांना दिसणारे गुण म्हणजे वर्णन. उत्पादन, रोग, टिकवण यांसारखे हवामानानुसार हलणारे गुण म्हणजे मूल्यमापन. कमी-जास्त सांगायला बहुधा एक ते नऊची पट्टी : तीन कमी, पाच मध्यम, सात जास्त. कांदा-लसूण कुळाची यादी 2001 मध्ये आली.

पण नुसत्या अंकाने ‘फिक्कं’चं कोडं सुटत नाही. माझे सात तुमचे पाच असू शकतात. त्यावरची युक्ती म्हणजे ‘चेक’ वाण. हजार नमुने एकेकदाच लावायचे, पण प्रत्येक वाफ्यांच्या गटात तीच तीन-चार ओळखीची वाणं पुन्हा लावायची. एका कोपऱ्यात जमीन हलकी असेल तर चेकही तिथे हलका येतो आणि तेवढी वजावट करता येते. ही मांडणी 1956 मध्ये अमेरिकेतले संख्याशास्त्रज्ञ फेडरर यांनी सुचवली. घरातलं ‘फिक्कं’ही आधी कुठल्या तरी लाल कांद्याशी ताडूनच ठरलेलं असणार.

कांद्याच्या संशोधनात नाशिकचं नाव जुनं आहे. खरिपातलं एन-53 हे वाण नाशिकच्याच स्थानिक मालातून निवडलेलं. नाफेडच्या पुढाकाराने 1977 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचं मोठं संशोधन प्रक्षेत्र निफाड तालुक्यात चितेगाव फाट्यावर आहे. कांदा-लसणाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही 1994 मध्ये नाशिकलाच निघालं आणि 1998 मध्ये राजगुरुनगरला गेलं. त्याची हळहळ इथे अजून ऐकू येते.

गव्हाच्या तुलनेत कांदा फार छळतो. हिसारला 2011-12 च्या रब्बीत देशाच्या जनुकपेढीतले गव्हाचे सुमारे 22 हजार नमुने एकाच हंगामात लावून पाहिले. कांद्याचं तसं जमत नाही. युरोपातले बरेच कांदे लांब दिवसाचे, म्हणजे दिवस मोठा असेल तरच गड्डा धरणारे. नाशिकच्या अकरा-बारा तासांच्या दिवसात ते नुसती पात वाढवतात, गड्डा धरत नाहीत. त्यांच्या नावापुढे ‘गड्डा नाही’ लिहिलं तर दोष कांद्याचा नसून जागेचा. बी साध्या खोलीत वर्षभरात उगवणशक्ती गमावू लागतं, म्हणून ते पुनःपुन्हा वाढवावं लागतं. त्यात मधमाश्या एकाचं पराग दुसऱ्यावर नेतात, म्हणून प्रत्येक नमुन्याला जाळीचा स्वतंत्र पिंजरा आणि आत माश्या सोडायच्या. बीपासून कांदा आणि कांद्यापासून पुन्हा बी, यात दोन हंगाम जातात.

माना पडल्या की काढणी. मग जोडकांदे किती, डेंगळे किती, मान जाड की बारीक, रंग, आकार. इथपर्यंतची नोंद आठवड्याभरात उरकते. टिकवणीची मात्र नाही. नमुन्यागणिक कांदे मोजून चाळीत ठेवायचे, ठरावीक दिवसांनी पुन्हा काट्यावर घ्यायचे. मोड आलेले, सडलेले, नुसते आटलेले वेगवेगळे मोजायचे. एप्रिलमध्ये भरलेल्या टोपल्या शेवटच्या काट्यावर चढतात तेव्हा ऑक्टोबर उजाडलेला असतो, आणि शेतकऱ्यांचं रांगड्याचं (उशिरा खरिपाच्या कांद्याचं) उळं टाकूनही झालेलं असतं.