घरच्या घरी गाडीदुरुस्ती: जॅक आणि हत्यारं

घरी गाडीचं काम म्हणजे बहुतेक वेळा टायर बदलणं, ऑइल बदलणं, ब्रेक पॅड घालणं, बॅटरी काढणं एवढंच असतं, आणि यातल्या बऱ्याच कामांना गाडी उचलावी लागते म्हणून जॅकपासून सुरुवात. जॅक फक्त उचलतो. उचललेली गाडी धरून ठेवणं हे वेगळं काम आहे आणि त्याला वेगळी वस्तू लागते, तिला जॅक स्टँड म्हणतात. लोक नेमकी हीच वस्तू घ्यायची टाळतात, कारण गाडी तर जॅकवर उभी दिसतेच ना!

डिकीत गाडीबरोबर मिळतो तो सिझर जॅक. मधला लांब स्क्रू फिरवला की दोन्ही बाजूचे हात जवळ येतात आणि माथा वर जातो. स्क्रूचे आटे असे असतात की वजनाने तो आपोआप उलटा फिरत नाही, पण खालचा पाय अगदीच लहान, त्यामुळे गाडी थोडी जरी पुढेमागे सरकली तरी जॅक कलंडतो. रस्त्यात स्टेपनी लावण्यापुरता तो दिलेला असतो. त्यावर गाडी ठेवून खाली शिरणं म्हणजे निव्वळ वेडेपणा.

बॉटल जॅक आणि ट्रॉली जॅक हे दोन्ही तेलावर चालतात. ब्लेझ पास्कलने १७व्या शतकात मांडलेला नियम यांच्या मुळाशी आहे, बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये यावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं आणि रिचर्ड डजनने १८५१ मध्ये अमेरिकेत हातात उचलून नेता येईल अशा हायड्रॉलिक जॅकचं. आत दोन पिस्टन, एक बारीक आणि एक जाड. समजा बारीक १० मिलिमीटर व्यासाचा आणि जाड ४० चा, तर क्षेत्रफळ १६ पट झालं, त्यात दांड्याचा फायदा १० पट धरला तर हाताने १० किलोचा जोर लावला की वर कागदावर १६०० किलो मिळतात (घर्षणात थोडे जातात). म्हणून हडकुळा माणूससुद्धा गाडी उचलतो.

पण मग ती गाडी कशावर उभी असते? आतल्या एका रबरी सीलवर आणि व्हॉल्व्हमधल्या छोट्या स्टीलच्या गोळीवर. सील जुनं झालं, गोळीखाली कचऱ्याचा कण अडकला किंवा कुणाचा धक्का लागून दांडा थोडासा फिरला की तेल परतायला लागतं आणि गाडी खाली येते, कधी सावकाश कधी एकदम. जॅक कितीही महागाचा घेतला तरी हे चुकत नाही, कारण तो बनवलाच उचलायला आहे.

बॉटल जॅक लहान आणि ताकदवान, पण उभाच वापरायचा. मुळात त्याची स्वतःची उंचीच इतकी असते की कमी उंचीच्या गाडीखाली तो जातच नाही, एसयूव्ही किंवा पिकअपला मात्र चांगला. घरच्या कामाला ट्रॉली जॅक सगळ्यात बरा. त्याचा माथा सरळ वर न जाता कमानीसारखा वळत वर जातो, म्हणजे वर जाता जाता थोडा आडवाही सरकतो, म्हणूनच त्याला चाकं दिलेली असतात आणि उचलताना जॅक जमिनीवर मोकळा सरकायला हवा. खडी, माती, गवत यावर ती चाकं रुततात, जॅक जागचा हलत नाही आणि मग माथा गाडीखालून निसटतो. सपाट काँक्रीट सोडून दुसरीकडे कुठे काम करू नये. उन्हात तापलेल्या डांबरावर स्टँडचे पायसुद्धा आत जातात, तिथे जाड प्लायवूडचा तुकडा खाली घालावा.

किती टनाचा घ्यायचा हा प्रश्न सगळे विचारतात. साधी गाडी १००० ते १५०० किलोची, आणि एका वेळी आपण तिचा एक कोपरा किंवा एक बाजूच उचलतो, त्यामुळे २ टनाचा जॅक पुष्कळ झाला, मोठ्या गाडीला ३ टन. त्यापेक्षा दोन आकडे आधी बघा, जॅक खाली असताना किती उंच असतो आणि पूर्ण वर गेल्यावर किती. नाहीतर ५ टनाचा जॅक आणायचा आणि तो गाडीखाली शिरतच नाही.

जॅक कुठे लावायचा हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. सहसा पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीवर खाचा असतात तिथे. ट्रॉली जॅकचा सपाट माथा त्या पट्टीवर तसाच लावला तर पट्टी वाकते, म्हणून मधे खाच असलेला रबरी पॅड मिळतो तो घालायचा. ऑइल संपखाली (इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याखाली) जॅक लावायचा नाही, आणि इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी पॅकखाली तर अजिबातच नाही.

उचलायच्या आधी चाकांना अडसर लावायचे, ही पायरी लोक हमखास गाळतात कारण हँडब्रेक ओढलाय गिअर टाकलाय मग अजून काय पाहिजे. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतो, मागची दोन्ही चाकं हवेत गेली की त्याचा काही उपयोग उरत नाही. आणि गिअरचा भरवसा पण अर्धवटच आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचं एक चाक उचललं की डिफरेन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) जमिनीवरचं दुसरं चाक फिरू शकतं, हवेतलं चाक उलटं फिरतं आणि गिअरमध्ये असूनही गाडी सरकते. म्हणून जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून आणि मागून अडसर हवाच.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे. मग उचलायची, स्टँड लावायचे, आणि जॅक हळूच सोडून वजन पूर्ण स्टँडवर घ्यायचं. आत शिरायच्या आधी बाहेरूनच गाडीला हाताने जोरात हलवून बघायचं, पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवलं तर आणखी एक आधार होतो, फुकटचा. विटा किंवा पोकळ काँक्रीट ब्लॉक चालत नाहीत, ते एका ठिकाणी वजन आलं की न सांगता फुटतात.

स्टँड दोन तऱ्हेचे, दातेवाले आणि पिनवाले. दातेवाल्यात खटका दात्यात नीट बसलाय का ते बघावंच लागतं. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट कंपनीने ३ आणि ६ टनाचे स्टँड परत मागवले होते, कारखान्यातले साचे झिजल्यामुळे काही स्टँडमध्ये खटका दात्यात पुरेसा बसत नव्हता, आणि बदली म्हणून दिलेल्यांतल्याही काहींचं वेल्डिंग खराब निघालं. पिनवाला स्टँड दिसायला गावठी वाटतो पण आरपार गेलेली जाड पिन डोळ्यांना दिसते, मला विचाराल तर तोच घ्यावा. लेबलवरचा टनाचा आकडा एका स्टँडचा आहे की जोडीचा हेही वाचून घ्या, बऱ्याचदा जोडीचा असतो.

आता पाने. ८, १०, १२, १३, १४, १७, १९ मिलिमीटर एवढ्या मापांत बरंच काम होतं (१० चा हरवतो, तो दोन घ्या). सॉकेट, म्हणजे नटावर टोपीसारखं बसतं ते, घेताना सहा कोनी घ्यावं. बारा कोनी पटकन बसतं खरं पण ते नटाच्या कोपऱ्यांवरच जोर देतं, नट गंजलेला असला की कोपरे गोल होतात आणि मग अर्ध्या तासाच्या कामाचा अख्खा दिवस होतो. उघड्या तोंडाच्या फिक्स पान्याचंही तसंच, पहिला जोर नटाला पूर्ण वेढणाऱ्या रिंग पान्याने द्यायचा आणि सैल झाल्यावर फिक्स पान्याने फिरवायचं. अडकलेल्या नटावर गंज सोडवायचा स्प्रे मारून थांबायचं आणि लांब दांड्याचा ब्रेकर बार लावायचा, सॉकेट फिरवायच्या छोट्या रॅचेटला पाइप घालून ओढलं तर आतले दाते तुटतात. ठोके देत नट फिरवणाऱ्या इम्पॅक्ट गनला चकचकीत क्रोमची सॉकेट लावू नयेत, ती कडक असतात आणि ठोक्याने फुटून तुकडे उडतात, गनसाठी काळी वेगळी मिळतात.

स्क्रूचीही तीच गोष्ट. जपानी गाड्यांतले चौफुलीचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात पण जिस (JIS, जपानी मानक) मापाचे असतात, साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने माथा खरवडला जातो. चांदणीसारखी खाच असलेला टॉर्क्स १९६७ मध्ये आला, त्यात जवळच्या मापाची एलन की (सहा कोनी चावी) घुसवून बघायचा मोह होतो, पण दाते गेले की तो बोल्ट ड्रिलनेच काढावा लागतो.

स्ट्रटची (चाकावरच्या सस्पेन्शनची) स्प्रिंग दाबायचं काम मात्र घरी करू नये असं माझं मत. दाबलेली स्प्रिंग सुटली तर तिथे हत्यार चांगलं होतं की वाईट हे विचारायला कोणी उरेलच असं नाही.

शेवटी चाक परत लावताना टॉर्क रेंच लागतो, म्हणजे ठरलेल्या टॉर्कइतकाच (पिळाच्या जोराइतकाच) नट आवळायचा पाना. लहान-मध्यम गाड्यांच्या चाकाच्या नटांना साधारण ८० ते १४० न्यूटन मीटर टॉर्क असतो, पण खरा आकडा मॅन्युअलमधलाच. तो सहसा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो, आट्यांना ऑइल लावलं तर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. चार नट असतील तर समोरासमोर, पाच असतील तर एक सोडून एक असे आवळायचे, एकदा क्लिक झालं की थांबायचं, आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर परत तपासायचे. टॉर्क रेंचने नट सैल करायचा नाही, आणि क्लिकवाला असेल तर काम झाल्यावर सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा. ट्रॉली जॅकही पूर्ण खाली करून ठेवायचा, आणि त्यात तेल कमी झालं तर जॅक ऑइलच घालायचं, साध्या ब्रेक ऑइलने त्याचं सील फुगून खराब होतं.