व्होल्टेज पडणं वेगळं, खटक्याचा स्पार्क वेगळा: मॉनिटर काळा होण्यामागची नेहमीची गल्लत

ट्यूबलाइट बंद केली की मॉनिटर दोन-तीन सेकंद काळा होतो आणि मग आपोआप परत येतो. या तक्रारीवर मिळणारा सल्ला ठरलेला असतो: ‘व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, स्टॅबिलायझर लावा.’ त्यानं भागलं नाही की यूपीएस आणायचा. त्यानंही नाही भागलं की चांगलं चालणारं ग्राफिक्स कार्ड बदलायचं. हे तिन्ही खर्च बहुतेक वेळा वाया जातात. कारण इथे वीज कमी पडलेलीच नसते. खटक्यात उडालेल्या स्पार्कचा नॉइज (नको असलेली विद्युत गडबड) कॉम्प्युटरचं चित्र मॉनिटरला नेणाऱ्या एचडीएमआय केबलमध्ये शिरलेला असतो.

व्होल्टेज पडणं सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. फक्त एक हिशेब बघा. पाण्याची १ एचपी मोटर चालताना ६-७ अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट, म्हणजे ३० अँपिअर धरा. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर होते, आणि तिचा रोध साधारण अर्धा ओहम. म्हणजे घरातल्या वायरिंगमध्ये पडले जेमतेम १५ व्होल्ट. २३० चे २१५ झाले. डोळ्याला बल्ब मंदावलेला दिसतो, पण कॉम्प्युटरच्या एसएमपीएसवर (आतल्या पॉवर सप्लायवर) आणि मॉनिटरच्या अडॅप्टरवर बहुतेक वेळा ‘१००–२४० व्होल्ट’ छापलेलं असतं. त्यांना २१५ ची काहीच अडचण नसते. पूर्ण लाइट गेली तरी बरा एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. अगदी जुने, मागे ११५/२३० चा लाल खटका असलेले सप्लाय तेवढे नाजूक असतात.

आता खरी मेख. कुठलंही उपकरण व्होल्टेज पाडतं ते चालू होताना. बंद होताना लाइनवरचा भार कमी होतो, म्हणजे व्होल्टेज झालंच तर किंचित वाढतं. त्यामुळे पंखा, ट्यूबलाइट किंवा एक्झॉस्ट बंद करताना स्क्रीन जात असेल, तर व्होल्टेज पडण्याचा विषय तिथेच संपला. मीटर नको, वायरमन नको. चालू करताना जात असेल तर मात्र दोन्ही शक्यता उरतात, कारण खटक्याच्या पट्ट्या एकमेकींवर आपटताना बारीक उसळतात आणि तेव्हाही ठिणगी पडते.

बंद करताना ठिणगी मोठी का? पंख्याच्या वाइंडिंगमधला किंवा ट्यूबलाइटच्या चोकमधला करंट एकदम थांबायला तयार नसतो. खटका उघडू लागला की तो करंट फटीतून उडी मारायला बघतो. फटीवरचा दाब शेकडो, कधी हजारो व्होल्टपर्यंत चढतो, ठिणगी पडते, विझते, दाब पुन्हा चढतो, पुन्हा ठिणगी. एका ‘टक्’ आवाजात हे अनेकदा होऊन जातं. प्रत्येक ठिणगीचा चढ काही नॅनोसेकंदांचा. इतका झटपट बदल नुसत्या वायरीतून वाहत नाही. भिंतीतली वायरिंग अँटेनासारखी वागते आणि टेबलामागे गुंडाळून ठेवलेली एचडीएमआय केबल ते पकडते.

त्या केबलमध्ये काय चाललेलं असतं तेही बघा. ४के, ६० हर्ट्झला एचडीएमआयमधल्या तारांच्या प्रत्येक जोडीतून सेकंदाला सुमारे ६ अब्ज बिट जातात आणि सिग्नलची उंची असते अर्ध्या व्होल्टच्या आसपास. शिवाय ‘मॉनिटर जोडलेला आहे’ हे सांगणारी हॉट-प्लग नावाची एक एकटी तार असते. तिच्यावर क्षणभर गडबड झाली की ग्राफिक्स कार्डाला वाटतं, केबल उपटली. मग सगळी ओळखपरेड पहिल्यापासून: मॉनिटर कोण, रिझोल्यूशन किती, कॉपी-संरक्षण चालू असेल तर त्याची किल्ली. स्पार्क एका क्षणात संपतो, काळोख मात्र दोन-तीन सेकंद टिकतो, तो या ओळखपरेडीमुळे. डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या प्रकारच्या केबलमध्येही हेच होतं, फक्त तिथे उघडलेल्या सगळ्या विंडोज दुसऱ्या मॉनिटरवर जाऊन बसतात, म्हणून लोक ‘विंडोज बिघडली’ म्हणतात.

म्हणून काळ्या स्क्रीनकडे बघू नका, मॉनिटरच्या छोट्या दिव्याकडे बघा. दिवा विझला, मग कंपनीचा लोगो आला, किंवा कॉम्प्युटरच रीस्टार्ट झाला, तर वीज तुटली होती. दिवा पेटलेलाच राहिला, सीपीयूचा पंखा फिरतच राहिला, विंडोजनं यूएसबी काढल्यावर येतो तसला ‘टुडुंग’ आवाज केला आणि चित्र परत आलं, तर सिग्नल तुटला होता. स्पीकर मॉनिटरमध्येच असतील तर आवाजही जातो. तो पुरावा धरू नका, आवाजही त्याच केबलनं येतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली तर मशीन नीट बंद न होता उठलं आहे. फक्त सिग्नल गेला असेल तर ही नोंद येणार नाही. ‘डिस्प्ले ४१०१’ ही नोंद दिसली तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकून परत उठला आहे; तो तिसराच आजार आहे आणि खटक्याशी त्याची वेळ जुळत नसेल तर पंख्याला दोष देऊ नका.

अजून शंका असेल तर यूपीएसचा खरा उपयोग इथे आहे. कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्ही यूपीएसवर लावा. लॅन, स्पीकर, प्रिंटर सगळं काढा. यूपीएसचा प्लग भिंतीतून उपटा, सगळं बॅटरीवर चालू द्या, आणि कुणाला तरी ट्यूबलाइट चालू-बंद करायला सांगा. (या मिनिटभरात कॅबिनेटला अर्थिंग नसतं, धातूला हात लावू नका.) भिंतीशी तारेचा संबंधच उरलेला नसताना स्क्रीन गेली तर नॉइज हवेतून केबलमध्ये येतोय, याहून पक्का निकाल नाही. घरातलं साधं यूपीएस लाइट असताना भिंतीतलीच वीज जवळपास जशीच्या तशी पुढे देतं, आणि केबलमध्ये शिरणाऱ्या नॉइजशी तर त्याचा संबंधच येत नाही.

स्वस्तातली दुसरी चाचणी: स्वयंपाकघरातला पिझो गॅस लायटर, केबलपासून वीतभर अंतरावर, पोर्टला किंवा कशालाही न टेकवता, दोन-चारदा दाबा. स्क्रीन लुकलुकली तर केबलचं शिल्डिंग (तारांभोवतीचं धातूचं आवरण) नावापुरतं आहे. तिसरी: रिझोल्यूशन १०८०पी किंवा रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ करा. त्रास थांबला तर केबल काठावर चालली होती आणि स्पार्कनं तिला फक्त ढकललं.

स्टॅबिलायझरबद्दल स्पष्टच सांगायला हवं: कॉम्प्युटरला तो नकोच. ९० ते २६४ व्होल्ट खाऊ शकणाऱ्या एसएमपीएसला रिलेवाला स्टॅबिलायझर लावणं म्हणजे टेबलाखाली आणखी एक ठिणगी पाडणारा खटका बसवणं. व्होल्टेजची पायरी (टॅप) बदलताना तो ‘टक्’ करतो आणि कधीकधी त्या ‘टक्’लाच स्क्रीन जाते. फ्रिज, एसीला स्टॅबिलायझर ठीक आहे.

‘पंखा मॉनिटरपासून लांब ठेवा, चुंबक असतं’ हा सल्ला सीआरटीच्या, म्हणजे जुन्या काचेच्या डबा-मॉनिटरच्या जमान्यातला. त्या पडद्यावर चित्र थरथरायचं, रंग विटायचे. आजच्या एलसीडीवर पंख्याच्या चुंबकाचा काही परिणाम होत नाही. मिक्सर मात्र वेगळा. त्याच्या कार्बनवर फिरताना सतत ठिणग्या उडतात, म्हणून स्क्रीन एकदाच न जाता मिक्सर चालेपर्यंत ठिपके मारते किंवा पुन्हा पुन्हा जाते. तिथे मिक्सर दुरुस्तीवाल्याकडून झिजलेले कार्बन बदलून घ्या, कॉम्प्युटरला हात लावू नका.

उपाय माझ्या पसंतीच्या क्रमानं. आधी फुकटातले: एचडीएमआय केबल पॉवर कॉर्डपासून फूटभर दूर न्या, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा, आणि जास्तीची लांबी पॉवर कॉर्डसोबत रबरबँडनं गुंडाळून ठेवू नका. कॉम्प्युटर आणि मॉनिटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. दोघं दोन वेगवेगळ्या भिंतींवर असले की त्यांच्या अर्थिंगमधला फरक एचडीएमआयच्या शिल्डमधून वाहतो.

मग केबल. ४के, ६० हर्ट्झसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’, त्यापुढे ‘अल्ट्रा हाय स्पीड’, पाकिटावर स्कॅन करता येणारं लेबल असलेली, २ मीटरपेक्षा लांब नको. सोन्याचा मुलामा असलेल्या पिनांवर पैसे घालवू नका. नॉइज पिनेतून येत नाही, शिल्ड कनेक्टरला चारही बाजूंनी नीट जोडलेलं नसतं तिथून येतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. केबलवर फेराइटचा क्लिप (केबलभोवती बसणारं, नॉइज अडवणारं कडं) लावा, मॉनिटरच्या टोकाजवळ. मोठं भोक असलेला घेतला आणि केबल दोनदा घातली तर अडवण्याची ताकद जवळपास चौपट होते. फेराइटनं चित्र खराब होतं ही भीती खोटी. तो शिल्डवरून वाहणारा नॉइज अडवतो, जोडीतला सिग्नल नाही.

अर्थिंग तपासाच. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही: एसएमपीएसमधल्या फिल्टरचे कपॅसिटर नॉइज अर्थमध्ये सोडायला असतात, अर्थ नसली की तोच नॉइज कॅबिनेटवर येऊन बसतो आणि पुढे केबलच्या शिल्डवर. मल्टीमीटरनं फेज ते अर्थ हा आकडा फेज ते न्यूट्रलच्या जवळ यायला हवा, आणि न्यूट्रल ते अर्थ फार तर दोन-तीन व्होल्ट. काही वायरमन सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून अर्थला जंपर मारतात. मीटरवर सगळं उत्तम दिसतं, पण न्यूट्रल सुटला की कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. असा जंपर दिसला तर त्याच दिवशी काढून घ्या.

सगळ्यात खात्रीचा उपाय उगमाशीच. खटका जुना, आतून जळका असेल तर बदला. चोकवाल्या ट्यूबलाइटच्या जागी एलईडी बॅटन लावली की मोठा चोकच जातो. ट्यूब ठेवायचीच असेल तर स्टार्टर बदलून बघा. चांगल्या स्टार्टरमध्ये नॉइज दाबणारा छोटा कपॅसिटर असतो, स्वस्तातल्यात तो नसतो किंवा मेलेला असतो. एक्झॉस्ट किंवा मोटरला वायरमनकडून आरसी स्नबर (ठिणगी दाबणारी छोटी जोडी) लावून घ्या: १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचा कपॅसिटर, एकामागोमाग. साधा कपॅसिटर चालत नाही, फुटतो. स्नबर उपकरणाच्या दोन टोकांना समांतर लावा, खटक्याला समांतर नको, कारण खटका बंद असतानाही त्यातून सुमारे ७ मिलिअँपिअर जात राहतात आणि एलईडी दिवे रात्रभर मिणमिणतात.

दिवा विझतोय, मशीन रीस्टार्ट होतंय, म्हणजे वीजच तुटतेय, तर सॉकेटचे सैल स्क्रू, काळवंडलेला प्लग आणि एमसीबीच्या टोकांची पकड आधी बघा, यूपीएस त्यानंतर. एका खोलीतले दिवे मंद आणि दुसऱ्या खोलीतले एकदम प्रखर होत असतील तर मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा, न्यूट्रल तुटलेला असू शकतो.

कुठलाही खटका न दाबता, फक्त खुर्चीतून उठलं की स्क्रीन जात असेल तर घरातली उपकरणं शोधत बसू नका. गॅस-लिफ्टच्या खुर्चीतून उठताना स्थिर विजेचा झटका बसतो आणि तोही त्याच केबलमध्ये शिरतो. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात हे जास्त, कोकणात पावसाळ्यात जवळपास नाहीच. केबल आणि फेराइटचे वरचे उपाय इथेही तेच, शिवाय खुर्चीवरची सिंथेटिक गादी काढून सुती टाका.