उतारावर न्यूट्रल केल्याने डिझेल वाचतं?

डिझेल महागलं की ट्रक-ट्रेलरवाल्यांत जुना सल्ला हमखास फिरतो: उतारावर गाडी न्यूट्रल करा, डिझेल वाचेल. तीव्र उतारावर होतं उलटंच. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजेक्टर डिझेल सोडणं थांबवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून डिझेल जळतच राहतं.

शिवाय इंजिनाचा आणि एक्झॉस्ट ब्रेकचा (धुराची वाट अडवून इंजिनाला आवरणारा ब्रेक) आधार जातो, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे चाकाच्या ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांवर येतो. ड्रम तापले की पेडल दाबूनही भरलेला ट्रेलर आवरत नाही. मालकांनो, चालकाला हे बजावून सांगाच.

काही नव्या ट्रकमध्ये सौम्य उतारावर मात्र डिझेल वाचवायला यंत्रणा स्वतः न्यूट्रल करते. ती वेगावर लक्ष ठेवून गिअर परत टाकते.

खरी बचत वेग कमी ठेवण्यात आहे: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर विरोध चौपट.