बॅग उशिरा येते ती कामचुकार लोडरमुळे?

विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळ ताटकळणाऱ्यांचा एक लाडका निष्कर्ष असतो: आत लोडर, म्हणजे सामान चढवणारे-उतरवणारे कामगार, टंगळमंगळ करताहेत. विमान कंपनीचा पगार, वर फुकट प्रवास, मग हात कशाला चालतील!

मुळात विमानाभोवती दिसणारे कामगार बऱ्याच ठिकाणी विमान कंपनीचे नसतातच. सामान चढवण्या-उतरवण्याचं काम ग्राउंड हँडलिंग कंपन्यांना कंत्राटाने दिलेलं असतं. दरासाठी घासाघीस होते आणि तिची झळ माणसांच्या संख्येला बसते. मग एक विमान रिकामं होतंय तोवर तीच टोळी दुसऱ्याकडे पळते.

बोइंग 737 चा सामानकक्ष जेमतेम 110 सेंटिमीटर उंच. उभं राहायची सोय नाही. गुडघ्यांवर बसून, कंबर पिळून एकेक बॅग हाताने रचायची; त्यातली एखादी 32 किलोची. पाठ आणि खांदे कामातून जातात ते उगाच नाही. एखादा कामचुकार असतोच म्हणा, कुठल्या खात्यात नसतो?

‘मग माणसं भरा की’ हेही बोलायला सोपं. पार्श्वभूमीची तपासणी होऊन पास मिळाल्याशिवाय धावपट्टीच्या बाजूला पाऊल ठेवता येत नाही, आणि त्यात आठवडे जातात. कोविडकाळात युरोपात हजारोंना घरी बसवलं. प्रवासी परतले, कामगार तितक्या वेगाने परतले नाहीत. जुलै 2022 मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळाला निघणाऱ्या प्रवाशांवर दिवसाला 1 लाखाची मर्यादा घालावी लागली.