रॅम पंप अडला? आधी ठोका ऐका

उतारावरून येणाऱ्या पाण्याच्या धक्क्यावरच रॅम पंप चालतो आणि त्यातलं थोडं पाणी वर चढवतो. वीज लागत नाही, डिझेल लागत नाही. बिघडण्यासारखे भाग त्यात मोजकेच. आमच्याकडून व्हॉल्व्ह आणि फिटिंग नेऊन घरी पंप जोडणाऱ्यांच्या तक्रारी आम्ही रोज ऐकतो, आणि बहुतेक वेळा दोष पंपात नाही, पाइपात निघतो. म्हणून पाना घेण्याआधी झडपेचा, म्हणजे जिच्यातून जादा पाणी बाहेर पडतं त्या वेस्ट व्हॉल्व्हचा, ठोका ऐका. मिनिटाला साधारण 40 ते 90 ठोके एका लयीत पडत असतील, तर पंपाला हात लावू नका.

झडप उघडीच राहते, पाणी नुसतं वाहून जातं
झडप ओढून बंद करण्याइतका वेग पाण्याला मिळत नाही. पाणी आत येतं त्या तोंडावरच्या जाळीवर पालापाचोळा अडकलाय का बघा. जाळी स्वच्छ असेल तर झडपेवरचं वजन जास्त आहे. एकेक वायसर काढून पाहा. वजन कमी केलं की ठोके जलद पडतात आणि पाणीही कमी लागतं.

झडप बंदच राहते
नव्या पंपात हे हमखास होतं. डिलिव्हरी पाइप (पाणी वर नेणारा) रिकामा असला की उलटा दाब मिळत नाही आणि झडप आपोआप उघडत नाही. डिलिव्हरीचा कॉक बंद ठेवून झडप हाताने वीस-तीस वेळा दाबा. पंप स्वतः चालू लागला की कॉक हळूहळू उघडा. तरी अडतोय? मग डिलिव्हरी पाइपात पाणी भरलेलं असताना पंपाकडे पाणी आणणाऱ्या पाइपाचा मुख्य कॉक बंद करा आणि झडप दाबून धरा. त्या पाइपातलं पाणी निथळून गेल्यावरही धार थांबली नाही, तर ते पाणी डिलिव्हरी व्हॉल्व्हमधून (वर गेलेलं पाणी मागे येऊ न देणारी आतली झडप) परत येतंय. त्याच्या सीटवर, म्हणजे तो जिथे टेकतो तिथे, वाळूचा एक कण बसला तरी पुरतो.

ठोका मवाळ पडतो
ड्राइव्ह पाइप (पंपाकडे पाणी आणणारा) तपासा. मध्ये कुठे उंचवटा असेल तर तिथे हवा साचते आणि धक्का तीच गिळून टाकते. पाइप सलग उतरता हवा, लांबी उताराच्या उंचीच्या 3 ते 7 पट. पीव्हीसी चालतो, पण तो किंचित फुगतो आणि जोर खातो. जमत असेल तर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइपच घ्या, हे आमचं स्पष्ट मत आहे.

धातूवर घण मारल्यासारखा आवाज, डिलिव्हरी पाइप थरथरतो
धक्का झेलणारी हवेची टाकी पाण्याने भरली आहे. पंप तसाच चालवू नका, जोड तडकतात. पंप थांबवून टाकी रिकामी करा. डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या लगेच खाली 1 ते 1.5 मिमीचं छिद्र असेल तर प्रत्येक ठोक्याला थोडी हवा आत जाते. ते बुजलं असेल तर तारेने मोकळं करा. टाकीत सायकलची ट्यूब भरली असेल तर छिद्र नको, फक्त ट्यूब पंक्चर नाही ना ते पाहा.

'पाणी फारच कमी चढतं'
आधी हिशोब करा. 2 मीटर उतार, 20 मीटर चढ आणि मिनिटाला 60 लिटर पाणी असेल, तर 60 टक्के कार्यक्षमतेने वर मिनिटाला 3.6 लिटर पोचतं. दिवस-रात्र मिळून हे पाच हजार लिटरच्या वर जातं. खाली वाहणारं पाणी वाया जात नाही. तेच हे पाणी वर ढकलतं.

एवढं करूनही अडलं तर आमच्याकडे येताना उतार, चढ, दोन्ही पाइपांची लांबी आणि व्यास लिहून आणा, आणि चालत्या पंपाचा आवाज मोबाइलवर टिपून आणा.