हाताने बांधलेला व्हॉल्व्ह अँप महाग कधीपासून झाला

गिटार वाजवणाऱ्यांच्यात हा वाद कायम चालू असतो, की चीनमध्ये नाहीतर व्हिएतनाममध्ये बनलेला स्वस्तातला व्हॉल्व्ह अँप लाखांच्या घरातल्या हॅन्डवायर्ड अँपची बरोबरी करू शकतो का. व्हॉल्व्ह अँप म्हणजे गिटारचा आवाज व्हॉल्व्ह नावाच्या काचेच्या नळ्यांनी मोठा करणारा अँप्लिफायर, आणि हॅन्डवायर्ड म्हणजे आतले पार्ट एकेक करून हाताने जोडलेला. मला विचाराल तर आधी थोडं मागे जायला लागतं, कारण आज ज्या हॅन्डवायर्डसाठी आपण एवढे पैसे मोजतो ती एके काळी कारखान्यात माल काढायची अगदी रोजची पद्धत होती, दुसरी पद्धत रुळलेलीच नव्हती.

आपल्याकडच्या जुन्या घरांत व्हॉल्व्हचा रेडिओ असायचा तो आठवतो का? बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही, आधी आतले व्हॉल्व्ह तापायचे, मागच्या जाळीतून केशरी उजेड दिसायचा आणि मग हळूहळू बातम्या ऐकू यायच्या. तो रेडिओ उलटा करून चासिसच्या, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याच्या, खाली बघितलं तर सगळे रेझिस्टर, कंडेन्सर असे पार्ट टॅगपट्ट्यांवर हाताने डाख देऊन जोडलेले दिसायचे. त्याला कोणी हातकाम म्हणून जास्त पैसे दिले नव्हते, रेडिओ तसाच बनायचा. आणि व्हॉल्व्ह इथेही बनत होते, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रिसीव्हिंग व्हॉल्व्हचं उत्पादन सुरू केलं.

गिटार अँपची गोष्टही रेडिओच्या दुकानातूनच सुरू होते. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, १९३८ मध्ये त्याने स्वतःचं दुकान टाकलं आणि १९४६ मध्ये फेंडर कंपनी. त्याचे सुरुवातीचे सर्किट बघितले तर बराचसा भाग व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या आपल्या हँडबुकमध्ये नमुना म्हणून जे सर्किट छापायच्या त्यावर बेतलेला दिसतो. जोडणी कशी, तर दाबलेल्या फायबरच्या पट्टीत धातूची भोकं ठोकलेली, त्यात पार्ट अडकवायचे, डाख द्यायचा, पट्टी चासिसमध्ये बसवायची की पुढचा अँप. ओळीने बसलेले कामगार, त्यात बायका बऱ्याच, दिवसभर हेच काम करायचे. म्हणजे ही असेंब्ली लाइनच, फक्त मशीनच्या जागी माणसं.

यातला सगळ्यात छोटा अँप चॅम्प. तीन व्हॉल्व्ह, गिटारचा बारीक सिग्नल वाढवायला एक १२एएक्स७, स्पीकर हलवायच्या पॉवरला एकच ६व्ही६, एसीचा डीसी करायला एक रेक्टिफायर, पॉवर जेमतेम ५ वॅट, शिकाऊ पोरांसाठी काढलेला. तेव्हाचा बजेट अँप म्हणजे हाच. आणि १९७० मध्ये मायामीच्या स्टुडिओत डेरेक अँड द डॉमिनोज हा बँड रेकॉर्डिंग करत होता तेव्हा एरिक क्लॅप्टनने असले छोटे चॅम्पच वापरले, मोठ्या अँपच्या भिंती उभ्या करू शकणारा माणूस तो. त्याही खालच्या दर्जाचे म्हणावेत असे सिल्व्हरटोन अँप सीअर्स या अमेरिकन दुकानाच्या कॅटलॉगमधून साबण-कपड्यांच्या बरोबरीने विकले जायचे. आज त्या जुन्या चॅम्पला आणि सिल्व्हरटोनलाही लोक चांगले पैसे देतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण स्वस्त अँपमधून चांगला आवाज निघतो का याचं उत्तर त्या रेकॉर्डिंगमध्येच मिळालेलं आहे.

आता मार्शलचं बघा. फेंडरचा बासमन, नावाप्रमाणे बेस गिटारसाठी काढलेला, पण लीड वाजवणाऱ्यांनीच तो उचलला, विशेष करून पन्नासच्या दशकाच्या शेवटचा चार १०-इंची स्पीकरवाला. लंडनला हा अमेरिकन माल आयात होऊन येईपर्यंत भलताच महाग पडायचा. पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलचं ड्रमचं दुकान होतं, तिथे येणारी गिटारवाली पोरं हीच तक्रार करायची, मग केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या दोघांना हाताशी धरून १९६२ मध्ये बासमनच्याच सर्किटवरून अँप बनवला, तोच जेटीएम४५. पार्ट मात्र इंग्लंडमध्ये जे मिळतील ते. ट्रान्सफॉर्मर तिथल्या दुकानात मिळणारा, पुढे पॉवरला केटी६६ व्हॉल्व्ह, सर्किटच्या पहिल्या टप्प्यालाच सिग्नल जास्त वाढवणारा ईसीसी८३ (म्हणजे १२एएक्स७चंच युरोपीय नाव), चासिस ॲल्युमिनियमचा, स्पीकर सेलेस्टियनचे चार १२-इंची आणि तेही मागून बंद पेटीत. कागदावर सर्किट जवळपास तेच, आवाज मात्र पार वेगळा, आणि पुढची वीस वर्षं रॉक संगीत त्याच आवाजावर चाललं. म्हणजे पहिला मार्शल हीसुद्धा महागड्या परदेशी अँपला शोधलेली स्थानिक पर्यायी वस्तूच होती की.

मग हाताचं काम मागे कसं पडलं? तर मजुरी. १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन रेडिओ-टीव्ही कंपनीने १३ दशलक्ष डॉलरला घेतली, हिशोब बघणारे लोक आले, इकडे मार्शलने १९७३-७४ च्या सुमाराला प्रिंटेड सर्किट बोर्ड, म्हणजे वायरऐवजी तांब्याच्या छापील रेघांनी पार्ट जोडणारी पाटी, आपण जिला पीसीबी म्हणतो, तो वापरायला घेतला. पीसीबीत दोन अँप अगदी सारखे निघतात, वायर चुकून इकडची तिकडे जात नाही, वेळ कितीतरी वाचतो. आवाज त्यामुळेच बिघडला असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. माइक सोल्डानोने १९८७ मध्ये काढलेला एसएलओ-१०० अँप बघा, त्यात पीसीबीच आहे आणि तो तेव्हाही महाग होता आणि आजही महागच आहे, आवाजाबद्दल त्याला कोणी नाव ठेवत नाही. वाईट पीसीबी वाईट असतो, एवढंच. पातळ बोर्ड, व्हॉल्व्हचं सॉकेट थेट बोर्डावर डाखलेलं, त्या तापलेल्या व्हॉल्व्हच्या उष्णतेने डाख सुटत जातो, आवाज कमीजास्त करायची बटणं, म्हणजे पॉट, आणि गिटारची वायर खुपसायचा जॅक, हेही बोर्डावरच, म्हणजे जॅक हलला की सगळा ताण बोर्डावर. स्वस्त अँप मरतो तो बऱ्याचदा इथे.

जुने अँप चांगले होते आणि नवे तसे राहिले नाहीत ही भावना सत्तर-ऐंशीच्या दशकात पक्की होत गेली आणि त्यातूनच बुटीक अँपचा, म्हणजे छोट्या कारागिरांनी मोजकेच बनवलेल्या महागड्या अँपचा, धंदा उभा राहिला. अलेक्झांडर डंबल हा माणूस कॅलिफोर्नियात एकेक अँप गिऱ्हाइकाचं वाजवणं ऐकून बनवायचा, आयुष्यभरात साधारण तीनशेच्या आसपास बनवले असतील, सर्किट कोणाला कळू नये म्हणून आतल्या पार्टवर इपॉक्सी ओतून ठेवायचा, २०२२ मध्ये तो गेला आणि आता त्याचा अँप १ लाख डॉलरच्या वर जातो. दुसरा न्यू जर्सीचा केन फिशर, ट्रेनरेक बनवणारा, तो अँपला सिरियल नंबर द्यायच्या ऐवजी बाईमाणसाचं नाव द्यायचा आणि कुठली वायर कुठून वळवायची यावर तासन् तास घालवायचा. या दोघांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्याकडे पैसे कशाचे होते? डाख हाताने दिला याचे नव्हते, कानाचे होते. इपॉक्सी खरवडून लोकांनी डंबलचं सर्किट काढलंच शेवटी, आणि त्याचं मूळ फेंडरमध्येच आहे हे दिसलं.

अजून एक गोष्ट, जी या वादात कोणी फारशी बोलत नाही. व्हॉल्व्ह. ऐंशीच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतले मोठे व्हॉल्व्ह कारखाने बंद पडत गेले, ट्रान्झिस्टर आल्यावर कोण घेणार. उरले ते लोखंडी पडद्याच्या पलीकडचे, म्हणजे सोव्हिएत गटातल्या देशांचे, आणि चीनचे, कारण तिथल्या लष्करी सामानात व्हॉल्व्ह अजून लागत होते, १९७६ मध्ये जपानला पळून आलेल्या मिग-२५ विमानाच्या इलेक्ट्रॉनिक्समध्येही व्हॉल्व्ह सापडले होते. तर रशियातलं सराटोव, स्लोव्हाकियातलं चादत्सा, चीनमधलं चांगशा, अशा मोजक्याच गावांवर जगभरचे गिटार अँप चालत आले. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा सगळीकडे जी धावपळ झाली ती यामुळेच. म्हणजे नवीन बजेट अँप आणि नवीन बुटीक अँप, दोघांत काचेच्या आतला माल बहुतेक त्याच दोन-तीन कारखान्यांतला असतो.

स्वस्त व्हॉल्व्ह अँपची आत्ताची लाट आली ती साधारण २००५ च्या आसपास एपिफोन कंपनीच्या व्हॉल्व्ह ज्युनिअरपासून असं मी धरतो. चीनमध्ये बनलेला, एक १२एएक्स७, पॉवरला एक ईएल८४ व्हॉल्व्ह, ५ वॅट, एकच बटण, म्हणजे विचार जुन्या चॅम्पचाच. पहिल्या आवृत्तीत व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरला एसी सप्लाय होता त्यामुळे हम, म्हणजे सततची घुरघुर, यायची, पुढच्यात डीसी केला. त्याचं साधं सर्किट बघून जगभरच्या हौशी लोकांनी तो उघडला, कोणी कंडेन्सर बदलले, कोणी ट्रान्सफॉर्मर बदलला, आणि त्यातून सगळ्यांनाच एक कळलं की फरक नेमका कुठे पडतो.

तो पडतो आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये, जो व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधे असतो, आणि स्पीकरमध्ये. दोन ईएल८४ पुशपुलमध्ये, म्हणजे आळीपाळीने काम करणाऱ्या जोडीत, असले की त्यांना साधारण ८००० ओहमचा लोड हवा असतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा, मधला ट्रान्सफॉर्मर साधारण ३२ ला १ अशा वेढ्यांनी हे जुळवतो. त्यात लोखंड कमी घातलं तर खालचे सूर जोरात वाजवल्यावर तो सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याची क्षमता संपते, आणि आवाज चेपल्यासारखा येतो, वेढ्यांचे थर नीट एकमेकांत गुंफले नाहीत तर वरचे सूर जातात. लोखंड आणि तांबं दोन्ही महाग आणि जड, त्यामुळे बजेट अँपमध्ये पहिली कात्री इथेच लागते. दुसरी कात्री स्पीकरला आणि तिसरी पेटीला. म्हणून ८ इंची स्पीकरवाल्या छोट्या अँपचा स्पीकर सोडवून तोच अँप चांगल्या १२-इंची स्पीकरच्या कॅबिनेटला लावला की ऐकणाऱ्याला वाटतं अँपच बदलला.

तेव्हा माझं मत असं, की आवाजात बरोबरी होऊ शकते, छोट्या ५ ते १५ वॅटच्या अँपमध्ये तर नक्की होते, स्पीकरवर पैसे घाला आणि पुढे जमलं तर ट्रान्सफॉर्मरवर. पण मोठ्या पॉवरचा अँप फुल आवाजाला नेला, क्लीन, म्हणजे न फाटलेल्या, आवाजात खालच्या तारा स्वच्छ हव्या असल्या, तर तिथे लोखंडाला पर्याय नाही आणि स्वस्त अँप तिथे कमी पडतो. आणि टिकण्यात बरोबरी होत नाही. १९५९ चा बासमन आज उघडला तर आतला कुठलाही पार्ट कोणीही जुना रेडिओवाला साध्या सोल्डरिंग गनने बदलू शकतो, फक्त आपल्याकडे त्या अमेरिकन अँपला २३० व्होल्टवर थेट लावू नका, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर मध्ये पाहिजेच. बोर्डावर सगळं डाखलेला आजचा स्वस्त अँप मात्र सॉकेटजवळचा ट्रॅक जळला की दुरुस्त करणाराच म्हणतो, नवीन घ्या.